भिंतीवरचा तुकडा

सकाळी सात वाजता ताईने तळघराच्या भिंतीवरचा जिप्सम बोर्ड हातोडीने फोडला. थंडी अडवायला मागे भरलेला ग्लासवूलचा थर बुरशीने काळा पडला होता. कुबट वास भसकन नाकात शिरला आणि महिनाभर पाठ न सोडणारा खोकला पुन्हा उसळला.

ताई कपडे शिवायची. वरच्या खोलीत तिचं बस्तान होतं. धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि ती खोली त्याला हवी झाली. तो स्वतः घरदुरुस्तीतला मिस्त्री. "तळघर असं ऊबदार करून देतो, की वर यायचं नाव घेणार नाहीस!" ताईची अट एकच होती: भिंत कोरडी हवी. परीक्षाही त्यानेच सांगितली. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवायचा आणि दोन दिवसांनी काढायचा. आतून थेंब धरले तर ओल भिंतीतूनच येतेय. तसं असेल तर आधी बाहेरून खणून पाणी अडवायचं, मगच थर भरायचा. तुकडा ताईने स्वतः चिकटवला, शेजारी भिंतीवर खडूने फुली मारली.

"ठणठणीत कोरडी निघाली, ताई. तुकडा फेकूनसुद्धा दिला," असं तो म्हणाला होता. थर भरला, ताई खाली राहायला आली आणि त्याचं लग्नही झालं.

ताईने ओला थर ओढून काढला. मागे तुकडा जागच्या जागी होता. चिकटपट्ट्या शाबूत, शेजारी खडूची फुली, आतून थेंबच थेंब.

ती वर गेली. भाऊ चहा पीत होता.

"तुकडा कुठे फेकलास रे?"

"कुठला तुकडा?"

"खाली चल, ओळख करून देते."

त्याचा चेहरा उतरला. "अगं, बाहेरून खणायचं म्हणजे दोन महिने गेले असते. लग्न तोंडावर आलं होतं. वाटलं, हीटर लावला की वाळेल."

"मी वाळले. भिंत नाही वाळली."

"जाऊ दे ना आता," आई ओट्यापाशी पुटपुटली. "मी तेव्हाच म्हटलं होतं त्याला, तिला ओलीचं कळलं तर ती वरची खोली सोडणार नाही."

भावाचं खोटं ताईने एकवेळ गिळलंही असतं. पण आई रोज मधाची वाटी घेऊन खाली यायची, त्याच भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "खोकला हवेचा असतो गं."

ताईने शिलाई मशीन एक-एक पायरी वर ओढत आणलं आणि जुन्या खोलीच्या दारात आडवं लावलं.

"संध्याकाळी ही माहेरून येतेय," भाऊ म्हणाला. "आम्ही झोपायचं कुठे?"

"तळघरात. भिंत ठणठणीत आहे."

दुपारपर्यंत मशीन दारातच होतं. भावाने बायकोला अजून फोन केला नव्हता.