मुद्दाम विसरलेला चष्म्याचा डबा

मी चष्म्याचा डबा बोलतोय! हसू नका. आजवर दोन तह मोडले, एक राजदूत माघारी आला, त्यात माझा हात आहे. शिकलो नाही फारसा. दप्तरात राहिलो, तेवढंच शिक्षण.

जन्म पत्र्याचा, वर काळं कातडं. दुकानातून मला उचललं साहेबांच्या जुन्या सल्लागारानं. कचेरीत त्यांना म्हणतात 'शेवटचे काका'.

का? आमचे साहेब देशाचे प्रमुख, पण कानाचे हलके. बैठकीत दहा जण घसा कोरडा करोत, साहेब ऐकणार खोलीतून शेवटी बाहेर पडेल त्याचं. काकांनी हे बरोबर ताडलं. बैठक उठली की मला खुर्चीच्या फटीत सारायचे, सगळ्यांबरोबर बाहेर पडायचे आणि दोन मिनिटांत हजर! "साहेब, डबा राहिला हो. अन् जाता जाता एक सांगू?"

झालं! त्या 'जाता जाता'पायी एका दूतावासाला कुलूप लागलंय.

त्या दिवशी शेजारच्या देशाकडे जाणारा पूल उघडायचा करार पुढ्यात होता. परराष्ट्र खात्याच्या ताई सात महिने त्यासाठी झिजल्या होत्या. दोन्ही काठांवर लेकी दिलेल्या. पूल बंद, म्हणून नऊ वर्षं त्यांना माहेरचं तोंड दिसलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "ठरलं, ताई. जेवलो की सही."

काका गोड हसले. मला फटीत सारलं. माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे, मी घसरलो आणि टणकन खाली!

दारातून ताई वळल्या. "अहो काका, डबा! थांबा, चष्मा फुटला का बघते."

"नको नको, द्या इकडे!"

पण ताईंनी उघडला. आत काच पुसायचं फडकं, घडीही न मोडलेलं. बस.

"काका, चष्मा कुठाय?"

साहेबांनी मान वर केली. "खरंच की! तुम्हाला चष्मा लागला कधी?"

"लागेल... पुढंमागं," काका पुटपुटले.

साहेब खो खो हसले. मग डब्याकडे बघत राहिले. डबा न्यायला आलेल्या माणसानं काय काय करून घेतलं, ते त्यांना आठवत असावं. चेहरा उतरला.

"ताई, कागद आणा. जेवण थांबेल."

सही झाली! मी टेबलावरूनच पाहिली, अगदी कोपऱ्यातल्या टिंबापर्यंत!

हल्ली मी साहेबांच्या टाचण्या सांभाळतो. पुलावर वर्दळ आहे. पण माणसं सुधारतात होय? काल एक धडधाकट मंत्री काठी विसरून गेले!

म्हणून सांगतो, बाबांनो, तुमचा पुढारी कुणाचं ऐकतो हे भाषणांतून कळायचं नाही. बैठक उठली की जरा खुर्च्यांखाली वाकून बघत जा.