भाजलेली राख

परतवाड्याच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात दर गुरुवारी नुसती जत्रा. अचलपूर, मूर्तिजापूर, पार अकोल्यापासून माणसं यायची आणि सगळ्यांचं दुखणं एकच: साखर. शर्कराहारी महाराज म्हणे अंगातली साखर मडक्यात उतरवत! सकाळी नऊला मडक्यात गुळाचं पातळ पाणी घालायचं, त्यात धुनीच्या राखेची पुडी सोडायची, रोग्यानं बोट बुडवायचं, मग फडकं बांधून मडकं उन्हात ठेवायचं. तासाभरात ते फसफसायला लागे. दुपारी चारला चाखून पाहावं, तर गोडवा गायब.

"देखो, शक्कर कैसे भाग रही है!" महाराज माइकवरून गरजत. "डॉक्टर सुई टोचता है, हम सिर्फ उंगली डुबोते हैं!"

लोक टाळ्या पिटत. ज्याचं पाणी फिकं झालं त्यानं आपलं इन्सुलिन मंचाजवळच्या पत्र्याच्या पेटीत टाकायचं आणि पुन्हा सुईचं नाव काढायचं नाही, असा तिथला नेम होता.

त्या गुरुवारी गीतांजलीही रांगेत उभी होती. तिच्या अकरा वर्षांच्या अपेक्षाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. रोज चार सुया. बंद केल्या तर दोन दिवसांत जिवावर बेतणार. डॉक्टरांनी हे दहादा बजावलं होतं. पण पोरीच्या पोटावरचे निळे डाग पाहिले की त्या माउलीला रडू आवरत नसे.

सोबत धाकटी बहीण वर्षाली होती. ती अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत यीस्टवर संशोधन करायची. हे सूक्ष्म जीव साखर खाऊन कोणकोणते पदार्थ बाहेर टाकतात, त्यासाठी कोणती प्रथिनं बनवतात, याच्या याद्या करण्यात तिची बारा वर्षं गेली होती. आवारात पाऊल टाकताच तिनं नाक मुरडलं. आंबूस वास तिच्या प्रयोगशाळेतला, रोजचाच होता.

"मडकी उन्हातच काहून ठेवतात, ताई? अन् फडकं असं ढिलं काहून बांधतात?"

"तू तं प्रसादावरबी संशय घेशीन!" गीतांजली तडकली.

"घेईन. सकाळची सुई तू दिली, बरं केलं. दुपारचीबी देऊ. आता मी म्हणते तशी दोन मडकी मांडू दे. पोरीचं पाणी फिकं झालं तर मी तोंड उघडणार नाई."

"कबूल. पण मंग माघार नाई घ्यायची."

"मलाही साखर आहे" असं धडधडीत खोटं बोलून वर्षालीनं दुसरं मडकं आणि दुसरी पुडी मिळवली. मग अपेक्षाची पुडी घेऊन ती थेट भंडाऱ्याच्या मांडवात गेली. तिथं दुर्गाबाई मोठ्या तव्यावर पोळ्या शेकत होती.

"काकू, एवढी राख भाजून द्या."

"राखेले आनखी काय भाजतं व बाई? ते तं जळूनच राख झाली!"

"तेच तं. खरी राख असली तर तिले काय होते?"

दुर्गाबाईनं हसत हसत पुडी तव्यावर उलटी केली. परतता परतता तिचा हात थांबला. राखेतले बारीक भुरे दाणे काळे पडू लागले होते.

"अवं माय! पाव करपल्यावानी वास काहून येऊन राह्यला?"

ती भाजलेली राख गार करून एका मडक्यात टाकली. त्यात अपेक्षानं बोट बुडवलं आणि शंभरपर्यंत आकडे मोजले. दुसऱ्या मडक्यात न भाजलेली राख. त्याला कोणी बोटही लावलं नाही. खूण म्हणून अपेक्षानं आपल्या मडक्यावर कोळशानं फुली काढली.

मग नुसतं बसणं. वर्षाली फुलीच्या मडक्याकडं पाहत राहिली. राख नीट भाजली गेली नसली तर? आपण शब्द देऊन बसलो. पाणी फिकं झालं तर संध्याकाळपासून पोरीची सुई बंद! तिला सरळ सरळ भीती वाटत होती.

चारला महाराजांनी अपेक्षाला मंचावर बोलावलं. फुलीच्या मडक्यात एक बुडबुडा नाही. गीतांजलीनं चाखलं.

"गोडच हाय," ती पुटपुटली.

वर्षालीनं दुसरं मडकं पुढं केलं. फेस काठाला आला होता, पाणी आंबूस आणि फिकं.

"हे कोणाचं?" गीतांजलीनं विचारलं.

"कोणाचंच नाई, ताई."

"लड़की का पाप भारी है!" महाराज ओरडले.

"पोरीचं पाप काढता?" वर्षालीचा आवाज चढला. "ह्या मडक्यात तर कोणी बोटच घातलं नाही. मग कोणाची साखर उतरली यात?"

गर्दीत हशा पिकला. मागून दुर्गाबाई ओरडली, "अन् राख तव्यावर करपली कशी, ते बी सांगा ना बाप्पा!"

महाराज माइक ठेवून मागच्या मागं सटकले. वर्षालीनं तोच उचलला.

"पाव फुगवायचं यीस्ट गोवरीच्या राखेत मिसळलंय, बस. कोमट गूळपाण्यात ते जागं होतं, गूळ खातं, वायू सोडतं. तोच हा फेस, म्हणून फडकं ढिलं. तव्यावर भाजलं की मरतं. संपला तो मडक्यातला गूळ. तुमच्या रक्तातली साखर आहे तिथंच आहे!"

हशा थांबला. मूर्तिजापूरचे खुशालराव काठी टेकत उठले.

"मी गेल्या गुरुवारपासून सुई नाई घेतली, बाई. मले माझी शिशी द्या."

त्यांच्यामागं पंधरा-वीस माणसं पेटीकडं धावली.

"त्यातलं घेऊ नका!" वर्षाली ओरडली. "पत्र्यात तापून ते बिघडलं. सरळ दवाखान्यात जा, आजच! काका, तुम्ही आधी."

गीतांजलीनं बहिणीचा हात घट्ट धरला. "मंग माही पोरगी बरी कशानं होईन?"

"आज तरी सुईवरच जगायचं, ताई. कायमचा इलाज अजून कोणालेच सापडला नाई, मलेबी नाई."

गीतांजली रडली, भरपूर रडली. मग पदरानं तोंड पुसून, घड्याळ पाहून तिनं संध्याकाळच्या सुईची वेळ विचारली.

वाचकहो, असा कोणी तुमच्याही गावात येईल. त्याच्या पाया पडण्याआधी एक मडकं रोग्याशिवाय ठेवून पाहा. तपासू देत नसेल तर घरी परता. आणि तो औषध सोडायला सांगत असेल, तर तुमचा जीव मागतो आहे, हे ओळखा.