एकाच डोंगरावरची दोन जंगलं

माझ्या संगणकात एकाच डोंगरावरची, आकड्यांनी रचलेली दोन जंगलं आहेत आणि माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. एकातल्या झाडांची मुळं उथळ, दुसऱ्यातल्यांची खोल. पाऊस, ओढ्याचं पाणी, झाडांनी हवेतून ओढलेला कार्बन, सगळी जुनी मोजमापं दोन्हींशी तंतोतंत जुळतात.

भांडण आहे ते पुढे काय होईल याचं. माझी थोरली बहीण शहराच्या पाणीखात्यात मुख्य अभियंता. तलाव आटत चाललाय. डोंगरावरची निम्मी झाडं तोडली तर तलावात जास्त पाणी येईल का, एवढंच तिला हवंय. पान कार्बन घ्यायला तोंड उघडतं आणि पाणी गमावतं, म्हणजे झाडं कमी तर खर्च कमी. उथळ मुळांचं जंगल म्हणतं, येईल. खोल मुळांचं म्हणतं, थेंबही येणार नाही. वाचलेलं पाणी उरलेली झाडंच खोलवरून पिऊन टाकतील, आणि साठवलेला कार्बन गेला तो गेलाच.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी आमच्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल असा शहाणपणा मी केला. दोन्ही खोलींची सरासरी काढली. मधल्या मुळांचं ते जंगल संगणकात तिसऱ्याच वर्षी वाळून गेलं. खरं जंगल डोंगरावर मजेत उभं होतं. मला रडावं की हसावं कळेना.

दुपारी ताई स्वतःच माझ्या ऑफिसात आली.

“हो की नाही, तेवढं सांग.”

“दोन्ही.”

“लहानपणी फ्रॉक घेतानाही तुझं हेच असायचं.” ती खुर्ची ओढून बसली. “मुळं किती खोल आहेत ते खणून बघ ना.”

“बघितलं. एका खड्ड्यात खडक लागला, शेजारच्यात मुळं खाली गेलेली. शितावरून भाताची परीक्षा होते गं, डोंगराची नाही.”

“मग झाडं तोडायच्या हुकमावर मी सही करू की नको?”

“करू नकोस. मला खरंच कळत नाहीये.”

पडद्यावर दोन्ही जंगलांच्या मागच्या वर्षांच्या रेघा एकमेकींवर बसल्या होत्या. ताई खुर्चीवरून उठली.

“नळ कोरडे पडले की लोक मला धरतील, तुला नाही,” ती म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिने सही केली.

करवती सुरू झाल्या. आता दोनातलं एक जंगल खोटं ठरणार, आणि मी इतके दिवस त्याचीच वाट बघत होते. पण खोल मुळांचं खरं निघालं तर झाडंही गेली, पाणीही गेलं आणि ताईची नोकरीही गेली. मला भीती वाटते.

संध्याकाळी तिचा फोन आला. “तुला मनातून काय वाटतं?”

“येईल पाणी.”

“कशावरून?”

मी पडद्याकडे बघितलं. दोन्ही रेघा अजून एकमेकींवरच होत्या. मग म्हणाले, “आकडे तसं सांगतायत.”

“बरं,” ताई म्हणाली. तिचा आवाज किती दिवसांनी हलका झाला होता.