मेटिलियाचा चेहरा

"नाक जरा लहान काढा हं माझं. जिवंत होती तेव्हा रोज टोचायची त्यावरून."

नुमिसियस शिल्पकार झोसिमसकडे पाहून हसला. तो ऑस्टियाच्या बंदरावर धान्य मापायचा. आज पितरांचा दिवस, म्हणून त्याने थडग्याचं दार उघडलं होतं आणि बायकोच्या, मेटिलियाच्या, संगमरवरी शवपेटीपुढे मीठ, दारूत भिजवलेला पाव, जांभळी फुलं मांडली होती. पेटीवर नेहमीचीच कथा होती: नवऱ्याचं मरण स्वतःवर घेणारी अल्सेस्टिस आणि तिला पाताळातून हाताला धरून आणणारा हर्क्युलिस. अशा पेट्या कारखान्यात तयार असत. चेहऱ्यांच्या जागी तेवढा दगडाचा गोळा ठेवत. गिऱ्हाईक आलं, की त्या गोळ्यातून मेलेल्या माणसाचा चेहरा काढणं हे झोसिमसचं काम. तीस वर्षं तो तेच करत होता.

या पेटीवरच्या नवऱ्याला अजून चेहरा नव्हता.

"एवढी घाई कसली, मालक? तुम्ही तर धडधाकट आहात."

"घाई नाही हो. पण सात वर्षं बिचारी एका गोळ्याकडे बघत उभी आहे."

झोसिमसने अल्सेस्टिसकडे पाहिलं. रुंद कपाळ, हनुवटीला बारीक खळी, डावी भुवई किंचित वर. थालुसा. त्याची स्वतःची बायको.

सात वर्षांपूर्वी मेटिलियाच्या चेहऱ्यावरून घेतलेला मेणाचा मुखवटा तो ऐन उन्हाळ्यात कठड्यावर विसरला. परत आला तेव्हा नाक ओघळून ओठांत मिसळलं होतं. पेटी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. तेवढ्यात थालुसा उकडलेले हरभरे घेऊन आली.

"बस इथे जरा."

"मेलेल्या बाईला माझं तोंड? शहाणाच आहेस."

पण ती बसली. हरभरे खात, हलू नको म्हटलं तरी हलत.

या हिवाळ्यात ती तापाने गेली. कारागिरांच्या सामाईक भिंतीतल्या एका मडक्यात तिची राख होती. वर नुसतं नाव. तिला पाहायचं तर इथेच यावं लागे. पण चोरासारखं नको, नुमिसियसला खरं सांगून यावं, असं त्याने ठरवलं होतं.

"मालक, तो मेणाचा मुखवटा होता ना..."

"मुखवट्याचं काय घेऊन बसलात! खरं सांगू? पहिल्या वर्षी मला ही परकीच वाटली. घरी जाऊन रडलो. म्हटलं, ही माझी मेटिलिया नव्हे." नुमिसियसने दिव्याची वात पुढे सारली. "आता डोळे मिटले की हीच दिसते. दुसरी आठवतच नाही. तुमचा हात मोठा."

मेटिलियाचा चेहरा आता कुणाकडेच उरला नव्हता.

"तुम्ही काहीतरी सांगत होतात."

"काही नाही. नाक किती लहान, ते विचारत होतो."

"तुमची मंडळी या हिवाळ्यात गेली म्हणे. कुठे ठेवलंत तिला?"

"भिंतीत. मडक्यात."

नुमिसियसने समोरची अर्धी फुलं उचलून झोसिमसच्या ओंजळीत घातली. "तिला न्या," म्हणाला आणि घागर घेऊन विहिरीकडे गेला.

झोसिमसने अंगठ्याने त्या हनुवटीच्या खळीतली धूळ पुसली. मग थालुसासाठी दिलेली फुलं त्या मूर्तीच्या पायांशी ठेवली आणि, चेहरा गेला तरी नाव राहावं म्हणून, ठेवताना नाव घेतलं, ते मेटिलियाचं.