पाण्यातलं वार्निश

प्रयागबाईंनी पेढ्यांचे दोन रिकामे खोके कडब्याच्या पेंढीवर ठेवले, कोयत्यानं खटाखटा तुकडे केले आणि कडब्याबरोबर म्हशीच्या गव्हाणीत ढकलले, तेव्हा दत्तोबाच्या हातात चहाची बशी होती.

“ह्या वार्निशवाल्या भाऊंनी केल्यात खोकी,” त्या शेजारच्या गोजरबाईला सांगत होत्या. “जनावरानं खाल्ली तरी काय व्हत न्हाय.”

डॉक्टरकडं बघावं तसं गोजरबाईनं दत्तोबाकडं बघितलं. दत्तोबा हसला आणि चहाचा फुर्रकन भुरका मारला.

दत्तोबा बारामतीच्या एका छापखान्यात लॅमिनेशनच्या मशीनवर होता. लग्नपत्रिका असो की मिठाईचा खोका, छापून आलेल्या तावावर प्लॅस्टिकची पातळ फिल्म चढवायची, हे त्याचं पगारी काम. बिनपगारी काम म्हणजे लोकांच्या खोड्या काढणं. एकदा त्यानं कंपोझिटरच्या डब्यातली चपाती रोलरमधून काढली आणि फिल्म चढवून परत डब्यात ठेवली. कंपोझिटर बिचारा दातांनी ओढतोय ओढतोय. ती कीर्ती पार इंदापूरच्या एसटी स्टँडपर्यंत पोचली होती.

दोन महिन्यांमागं प्रयागबाई निरवांगीहून छापखान्यात आल्या. घरच्या खव्याचे पेढे करून विकायच्या. पाचशे खोके पाहिजेत म्हणाल्या, पण वर प्लॅस्टिक नको. आदल्या साली त्यांची म्हैस गेली होती. ढोरांच्या डॉक्टरनं पोट फाडलं तर आत चिकटलेल्या फिल्मचा उशीएवढा गोळा. लग्नाच्या मांडवामागं टाकलेले मिठाईचे खोके तिनं खाल्ले होते. तुपाचा वास आल्यावर जनावर कशाला सोडतंय.

मालकांनी, बापूसाहेबांनी, मुद्दाम पुण्याहून पाण्यातलं वार्निश मागवलं. कागदाबरोबर भिजून विरघळणारं. छापखान्यात तेव्हा, सत्त्याण्णव साली, ती नवलाईच होती. पण ते लावायचं म्हणजे एकेक ताव पापडासारखा दोरीवर वाळत घालायचा. दत्तोबाला दोन दिवस पापड वाळवायचा कंटाळा आला. बापूसाहेब गावाला गेलेले. त्यानं बिनचमकीची फिल्म काढली, तासाभरात सगळे ताव मशीनमधून काढले, आणि वास यावा म्हणून वरच्या गठ्ठ्यावर तेवढा वार्निशचा बोळा फिरवला. बाईनं ओळखलं तर मिशी काढीन, अशी पैजही लावली.

बाईंनी ओळखलं नाही. गठ्ठा कपाळाला लावून घेऊन गेल्या. छापखान्यात चार दिवस हशा चालला. आणि आज त्यांनीच निरोप धाडून त्याला बोलावलं होतं, घरचे पेढे खाऊन जावा म्हणून.

म्हैस गाभण होती. मान खाली घालून कराकरा खात होती.

दत्तोबाला तेव्हाच बोलता आलं असतं. पण दोन खोक्यांनी काय होतंय, असं मनाशी म्हणत त्यानं चहा संपवला. सगळा. मग बशी खाली ठेवली.

“आक्का, ते घालू नगा.”

“का वं?”

“त्याच्यावर प्लॅस्टिक हाय.”

प्रयागबाई हसायला लागल्या. “तुमचं मालक म्हणलंच व्हतं मला. दत्तोबाचं काय मनावर घिऊ नगा, लई चेष्टेखोर माणूस हाय.”

“आईशप्पत, चेष्टा न्हाय.”

त्या आणखीनच हसल्या. गोजरबाईही पदर तोंडाला लावून हसली. दत्तोबानं मग गव्हाणीतून एक तुकडा उचलला, कडेला नख घातलं आणि फिल्म सोलून उन्हात धरली. तिच्यातून पलीकडचा गोठा धुरकट दिसत होता.

प्रयागबाईंनी धावत जाऊन म्हशीची शिंगं धरली. दत्तोबानं तिच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घातला. एक तुकडा चघळलेला निघाला, सोललेला धरून सहा कडब्यात सापडले. कोयत्यानं आठ केले होते.

आधी किती खोके घातलेत, असं त्यानं विचारलं. त्यांनी मोजले नव्हते. पंधरा दिवस रोज घालत होत्या, आणि गावालाही तेच सांगत होत्या. गोजरबाई उठली आणि चपला न घालताच आपल्या गोठ्याकडं पळाली.

दत्तोबा शिव्यांची वाट बघत उभा राहिला. प्रयागबाई म्हशीच्या पोटावरून हात फिरवत होत्या.

“वार्निश लावायचा कंटाळा व्हता तर तसं म्हणायचं की,” त्या म्हणाल्या. “कोरी खोकी दिली असती तरी नेली असती मी.”

मग आत जाऊन त्यांनी उरलेले खोके आणले, सुतळीनं बांधले आणि त्याच्या पायाशी ठेवले.

बारामतीला परतणाऱ्या इंदापूरच्या गाडीत कंडक्टर ओळखीचा निघाला. गठ्ठ्यावरची पेढ्यांची अक्षरं बघून त्यानं विचारलं, “काय दत्तोबा, कुणाकडं पाळणा हलला? आमचं तोंड गोड करा की.”

आता काहीतरी मासला ऐकायला मिळणार म्हणून चारदोन माथी मागं वळली.

“रिकामी हायत,” दत्तोबा म्हणाला.

गाडी खो खो हसली. कंडक्टरनं त्याच्या पाठीवर थाप मारली. दत्तोबानं गठ्ठा उलटा करून मांडीवर घेतला आणि तिकिटासाठी हात पुढं केला. कोपरापर्यंत लाळ वाळून पांढरी झाली होती.