काळी वायर

भरमू म्हशीची धार काढत होता. नीलम गोठ्याच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, निपाणीच्या शाळेत माझं काम झालं. सोमवारी हजर व्हायचं हाय."

भरमूनं मान वर केली नाही. "आणि अन्वी?"

"तिचं नावबी तिथंच घालायचं. सिद्धेशदादाच्या घराजवळच शाळा हाय."

सिद्धेश हा नीलमचा भाऊ. एवढं सांगून सून आत गेली. भरमूचे हात चालूच होते. पण म्हशीनं दूध कधी चोरलं, ते त्याला कळलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा एकुलता एक मुलगा स्वरूप कारखान्यातून मोटरसायकलनं येताना ट्रकखाली गेला होता. तेव्हापासून बेळगावजवळच्या कंग्राळीतल्या त्या घरात चौघंच उरली होती: भरमू, त्याची बायको मालुबाई, नीलम आणि चार वर्षांची अन्वी. अंगणात शेडखाली स्वरूपची पांढरी गाडी होती. जुनीच घेतलेली, पण चावी न फिरवता बटन दाबून चालू होणारी. चावी खिशात असली की झालं. स्वरूपनं नीलमला तीच गाडी शिकवली होती. बाजार, दवाखाना, पाहुणे, सगळीकडं आता नीलमच गाडी न्यायची. आणि सोमवारी ती त्याच गाडीतून नातीला घेऊन जाणार होती.

शनिवारी पहाटे भरमू उठला, पाना घेतला आणि गाडीचं बॉनेट उघडलं. लॉकडाऊनमध्ये गाडी नुसती उभी होती, तेव्हा स्वरूपनं त्याला दाखवलं होतं, "आप्पा, ही काळी वायर काढून ठेवली की बॅटरी उतरत न्हाय." भरमूनं काळ्या वायरीचा क्लॅम्प ढिला केला, वीज पुढं जाऊ नये म्हणून बॅटरीच्या खुंटाला पेंडीच्या पोत्यातल्या प्लास्टिकचा तुकडा गुंडाळला आणि वरून क्लॅम्प पुन्हा बसवला. बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसावं असा. वळला तर गोठ्याशी शेणाची पाटी घेऊन मालुबाई उभी.

"काय करतासा हे?"

"गप बस."

"नीलम हिरमुसंल. जोडा ती वायर."

"नात गेली तर तू काय करणार हाईस? भिंतीसंगट बोलणार?"

मालुबाईनं त्याच्याकडं बघितलं, पाटी डोक्यावर घेतली आणि उकिरड्याकडं गेली. तिलाही नात हवीच होती. ती नीलमला काही बोलली नाही.

सामान मागं ठेवावं म्हणून नीलमनं दुपारी गाडी काढायला घेतली. बटन दाबलं. काहीच नाही. समोरचे दिवे लागले नाहीत, हॉर्न नाही, काच खाली येईना. तिनं चावी उघडून आतला बटनासारखा सेल बदलला, पुन्हा दाबलं. बॉनेट उघडून वायरी हलवून बघितल्या. दोन्ही वायरी जागेवर होत्या.

"बॅटरी मेली असंल," भरमू ओट्यावरून म्हणाला. "जुनी झालती."

"शहरातनं मेकॅनिक बोलावतो मी." कंग्राळीत राहून तीही इकडच्या बायकांसारखी 'करतो', 'जातो' म्हणायला लागली होती.

"कशाला? मी सांगतो माझ्या वळखीच्याला. येईल तो."

मेकॅनिक आलाच नाही, कारण भरमूनं कुणाला फोनच केला नव्हता. सोमवारी नीलम पहाटेच्या बसनं निपाणीला जाऊन हजर झाली आणि संध्याकाळी परत आली. मंगळवारी तसंच. अन्वी आजीपाशी राहिली. गाडी बंदच, म्हणून तिची चावी पोरीच्या खेळण्यात गेली. ती दिवसभर तिची बटनं दाबत बसायची. येत्या रविवारी सिद्धेश येऊन बघतो म्हणाला होता. तोवर भरमूला रोज एक दिवस मिळत होता. अन्वी त्याच्या मांडीवर बसून चपाती खायची आणि त्याला वाटायचं, चाललंय तेच बरं हाय.

गुरुवारी शाळेला सुट्टी होती. दुपारी जेवणं झाली. मालुबाई ताट उचलायला वाकली आणि ताट तिच्या हातातून पडलं. ती ते उचलायला गेली, तर हात पुढं येईना. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ती काहीतरी म्हणाली, पण शब्द कुठलाच नव्हता.

नीलमनं तिला धरून भिंतीला टेकवलं. नीलम सासूला आत्ती म्हणायची. "आत्ती, माझ्याकडं बघा. हात वर करा. आत्ती!" उजवा हात उचललाच नाही. "आप्पा, दवाखान्यात न्यायला पायजे. आत्ताच्या आत्ता."

अॅम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी दुसरीकडं गेली आहे, येईल, पण वेळ लागेल, असं उत्तर आलं. "नागोजीकाकांचा टेम्पो बघतो," म्हणत नीलम अनवाणीच धावली.

घरात भरमू, मालुबाई आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेली अन्वी. मालुबाईचा उघडा डोळा त्याच्यावर होता. भरमूला तेवढंच दिसलं आणि तो उठला. पाना त्यानं गवताच्या गंजीमागं टाकला होता. तिथं हात घातला, सापडेना. तसाच गाडीकडं गेला, बॉनेट उचललं. क्लॅम्प ओढून काढला. प्लास्टिक खुंटाला चिकटून बसलं होतं. नखांनी सोलायला लागला. नख उलटलं, रक्त आलं.

"टेम्पो मार्केटला गेलाय," म्हणत नीलम फाटकातून आत आली आणि थांबली.

भरमूच्या हातात प्लास्टिकचा तुकडा होता. खाली वायर मोकळी लोंबत होती. नीलमनं वायरीकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"सरका," ती म्हणाली.

तिनं वायर खुंटावर बसवली, अन्वीच्या खेळण्यातली चावी आणली आणि गाडीत शिरली. बटन दाबलं. समोरचे दिवे लागले, पण पडद्यावर अक्षरं आली, चावी सापडत नाही. अन्वीनं दाबून दाबून चावीतला नवा सेलही संपवला होता. नीलमनं डोळे मिटले. स्वरूप सांगायचा, सेल गेला तरी चावीतली चिप जिवंत असते, चावीच बटनाला टेकव. तिनं चावी बटनावर टेकवली आणि चावीनंच बटन दाबलं. टक, टक, टक. दिवे मंद झाले आणि गाडी गप्प.

"ढिली हाय वायर!" भरमू ओरडला. "पाना सापडंना झालाय..."

नीलम खाली उतरली. अंगणातल्या चुलीजवळचा दगड उचलला आणि क्लॅम्पवर दोन घाव घालून तो खुंटावर खाली ठोकला. पुन्हा आत बसली, पुन्हा चावी टेकवली. इंजिन घरघरलं आणि सुरू झालं. दोघांनी मिळून मालुबाईला मागच्या सीटवर घातलं. अन्वीला शेजारच्या रुक्माबाईकडं दिलं. वाटेत भरमूच्या मांडीवर मालुबाईचं डोकं होतं आणि तिची लाळ त्याच्या धोतरावर पडत होती.

दवाखान्यात तिला आत नेलं. एक नर्स बाहेर येऊन भरमूला म्हणाली, "याके तडा माडिद्री?" उशीर का केलात, एवढंच ती विचारत होती. भरमूला कन्नड चांगलं यायचं. मार्केटात त्यानं आयुष्यभर कन्नडमध्येच भाव केले होते. त्यानं उलटलेलं नख मुठीत लपवलं.

"गाडी चालू होत न्हवती," नीलमनं कन्नडमध्येच उत्तर दिलं.

डॉक्टर संध्याकाळी बोलले. मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला. उजवी बाजू किती सुधारेल, बोलणं परत येईल का, आत्ताच सांगता येत नाही. अशा दुखण्यात एकेक मिनिट मोलाचं असतं, असं ते म्हणाले. ते कुणालाही तसंच सांगत असतील. भरमूला मात्र ते एकट्यालाच सांगितल्यासारखं वाटलं.

मालुबाई घरी आली. नीलमनं शाळेतून रजा घेतली. सासूला उठवणं, धुणं, भरवणं, हाताचे व्यायाम, सगळं तीच करायची. भरमूशी ती बोलायची, पण कामापुरतं. "औषध संपलंय." "पाणी तापलंय." घरात सून होती, नात होती, अगदी त्याला हवं होतं तसं. जेवताना अन्वी आता त्याच्या मांडीवर बसायला येत नव्हती.

एके दिवशी तो नीलमसमोर जाऊन उभा राहिला. "तू जा निपाणीला. शाळा जाईल हातची. हिच्याकडं मी बघतो."

नीलम सासूच्या केसांना तेल लावत होती. "जाणारच हाय मी, आप्पा. रविवारी. आत्तींना संगट नेणार हाय."

"हिला? तिकडं?"

"दादाच्या घराशेजारीच व्यायामाची बाई हाय, रोज येईल. मी आत्तींना विचारलंय."

भरमू बायकोसमोर उकिडवा बसला. "अगं, खरं व्हय? जाणार हाईस तू?"

मालुबाईनं त्याच्याकडं बघितलं. वायर काढली त्या शनिवारी पहाटे बघितलं होतं तसंच. बोलणं तिला जमत नव्हतं. तिनं डावा हात उचलला, नीलमच्या गुडघ्यावर ठेवला आणि मान हलवली.

"हिनं तुला सांगितलं? वायरीचं?" भरमूनं नीलमला विचारलं.

"मला कुणी कशाला सांगाय पायजे?" नीलम म्हणाली. "मी बघितलंय."

रविवारी सिद्धेश आला. मागच्या सीटवर उशा लावून त्यानं मालुबाईला बसवलं. अन्वी तिच्या शेजारी बसली. भरमूनं कपड्यांची पिशवी, औषधांचा डबा, बेडपॅन सगळं स्वतः आणून ठेवलं, आणि करायला काही उरलं नाही तेव्हा दार धरून उभा राहिला.

"हात काढा, आप्पा," नीलम म्हणाली. हळूच म्हणाली.

त्यानं हात काढला. गाडी फाटकातून बाहेर पडली, बेळगावच्या रस्त्याला लागली आणि वळणावर दिसेनाशी झाली. गोठ्यात म्हैस हंबरत होती. धारेची वेळ कधीच टळून गेली होती. भरमूनं धार काढायची चरवी शोधली. ती कुठं ठेवतात हे त्याला ठाऊक नव्हतं, आधी मालुबाई आणि मग नीलम रोज हातात आणून द्यायची. बराच वेळ तो स्वयंपाकघरात एकेक भांडं उचलून बघत राहिला.