चुकून लागलेला सौदा

आमच्या घरात बाजार बंद होईपर्यंत सासूबाईंच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. मांजरसुद्धा नाही. त्या खुर्चीत बसून शेअर घेत-विकत त्यांनी मुलाला शिकवलं आणि घराचं छप्पर बदललं. मी त्यांची सून. लग्न झाल्यापासून शेजारच्या स्टुलावर बसून शिकतेय. आलेख वाचते, बातम्या सांगते, पण माउसला हात लावायची सोय नाही. मला ती खुर्ची हवी होती, हे उघडच सांगते. त्यात लाजायचं काय?

त्यांचे नियम मला पाठ आहेत. शेअर घेतानाच तोटा किती सोसायचा ते ठरवायचं. ठरलेला भाव आला की निघायचं, हाव धरायची नाही. आणि एकदा विकलेल्या शेअरकडे ढुंकूनही बघायचं नाही. हा शेवटचा सगळ्यात अवघड, असं त्याच म्हणत.

अडचण एकच होती, मोतीबिंदू. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणून थकले. पण "बाजार सोडून मी डोळे मिटून पडू?" असं म्हणून त्या विषय उडवून लावायच्या. हिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं सासरे म्हणायचे.

त्या दिवशी सिमेंटचा शेअर ठरलेल्या भावाला आला. सगळे विकायचे होते. विकायचं बटण लाल, घ्यायचं निळं. सासूबाईंनी नाक स्क्रीनला टेकवलं आणि निळं दाबलं.

"आई, घेतले तुम्ही," मी म्हणाले.

"काहीतरीच. विकले मी."

मी आकडा वाचून दाखवला. होते तेवढेच आणखी आले होते. तेवढ्यात भाव चढू लागला आणि चुकीचा सौदा भराभर नफा दाखवू लागला. सासरे चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"राहू दे की," ते म्हणाले. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन."

"अहो, मला डोळे डॉक्टरच देतील. चूक ती चूक. आज नफ्यातली ठेवली, तर उद्या तोट्यातलीही ठेवीन."

आणि त्या खुर्चीतून उठल्या.

"बस," मला म्हणाल्या. "सगळे विकून टाक."

मी खुर्चीत बसले. भाव अजून वरच चालला होता. मी लाल बटण दाबलं, सगळे गेले, आणि स्क्रीनवरची सिमेंटची ती खिडकी बंद करून टाकली. सासूबाईंनी तिथेच उभं राहून डॉक्टरांना फोन लावला. सासरे रुसून आत जाऊन झोपले, मागोमाग सासूबाईही आत गेल्या. मी मात्र दुपारभर मनातून खूश होते.

बाजार बंद झाल्यावर सासूबाई बाहेर आल्या. "मग? शेवटी कुठे गेला सिमेंट?"

"मला काय माहीत? विकल्यावर बघायचं नाही ना?"

"खरंच नाही बघितलंस?"

"नाही."

त्या हसल्या. "मी बघितला. ह्यांच्या मोबाइलवर, अक्षरं मोठी करून. जित्याची खोड, दुसरं काय."

मग स्टूल ओढून त्यावर बसल्या. मी उठायला लागले, तर हातानेच थांबवलं.

"बस. आता खुर्ची तुझी. घाबरू नकोस, डोळे बरे झाले तरी परत मागणार नाही. शेअरचं नाही जमलं, खुर्चीचं जमवीन."